सात नग, सुस्थितीत

भाऊसाहेबांना गिटार वाजवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याकडे विजेवर वाजणाऱ्या सात गिटारी होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही त्यांनी कधी धड एक गाणं वाजवलेलं मी ऐकलं नाही. कुणी विचारलंच की, "भाऊसाहेब, मग एवढ्या कशाला?" तर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "वाजविणारे लई हायेत. मी नोंदवतो."

खरोखर ते त्या नोंदवायचे. नोकरीत जे करत होते तेच घरीही करत होते, म्हणा ना.

लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. आमचं सरकारी ऑफिस एका जुन्या दगडी इमारतीत भरायचं. मी मुखेडहून पहिल्याच नोकरीला, कच्च्या नेमणुकीवर आलेलो कारकून. भाऊसाहेब नांदेडहून बदलून आलेले, भांडाराच्या टेबलावर. जुन्या जिल्ह्याकडून वाटणीत आलेल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं ट्रकनं येऊन पडत होती. अशा वस्तूंना, म्हणजे ज्या संपत नाहीत, नुसत्या झिजतात, त्यांना सरकारी भाषेत डेड स्टॉक म्हणतात. भाऊसाहेब त्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या तेलरंगानं नंबर टाकायचे आणि रजिस्टरला तिची ओळ लिहायचे. त्या महिन्यांत आम्ही म्हणायचो, साहेब जरा वेळ एका जागी बसले तर त्यांच्याही पाठीवर नंबर पडेल.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. दोन खोल्या, वर पत्रा. आतल्या खोलीत भिंतीला टेकून सात गिटारी ओळीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या तेलरंगात नंबर. अगदी ऑफिसातल्या खुर्चीवर असतो तसाच, त्याच वळणाचा. मी हसलो. त्यांना हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

"नंबर नसला तर वस्तू हरवते," ते म्हणाले.

मग त्यांनी घरचं रजिस्टर काढलं. रकाने ऑफिससारखेच. वस्तूचं वर्णन, कुठून मिळाली, स्थिती, शेरा. फक्त किमतीचा रकाना त्यांनी आखलाच नव्हता. शेऱ्याचा रकाना मात्र चांगला ऐसपैस. मला त्यातले काही शेरे अजून पाठ आहेत. ‘नग एक. तांबडी. नांदेडच्या मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून. मान सरळ. उन्हाळ्यात चिडते.’ ‘नग तीन. काळी. हैदराबादेहून. खालच्या सुरात भारी, वर गेली की थकते.’ ‘नग पाच. पिवळी, पोकळ पोटाची. फार नाजूक. झळ लागू देऊ नये.’ ‘नग सात. रेडिओवाल्या मास्टरांनी रेणापूरच्या जुन्या दाराच्या सागवानातून केलेली. रूप नाही. आवाज आहे.’ चांगल्या शिक्षकानं पोरांच्या प्रगतिपुस्तकात लिहावं, तसं ते लिहिलेलं होतं.

आतून वहिनी म्हणाल्या, "माझ्या नावाची ओळ कोनत्या पानावर हाय ते इचारा हो भाऊजी."

"तू डेड स्टॉक न्हाईस," भाऊसाहेब म्हणाले. हे त्यांच्या परीनं कौतुक होतं, आणि वहिनींनाही ते कळत असावं, कारण त्या हसल्या.

या वेडात ते एकटे नव्हते. गोलाईच्या बाजाराजवळ एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथले वयस्क कारागीर, त्यांना सगळं गाव मास्टर म्हणायचं. तारेचा आवाज पकडणारी जी पट्टी गिटारीत असते, पिकअप, ती मास्टर स्वतः गुंडाळायचे, जुन्या रेडिओतून काढलेल्या केसाएवढ्या तारेनं. तिसरे उदगीरचे अप्पा. कापडाचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि घरी दोन गिटारी. रविवारी दुपारी हे तिघं मास्टरांच्या दुकानात बसायचे आणि आपापल्या याद्या एकमेकांना वाचून दाखवायचे. वाजवायचं कुणी नाही. नुसतं वाचायचं.

अप्पा वाचायचे, "डाव्या कुशीला ओरखडा, बोटभर."

"कुणाचं बोट?" भाऊसाहेब.

"आता बोट म्हणजे बोट की हो भाऊसाहेब!"

"अप्पा, तुमचं बोट आन माझं बोट एक हाय का? इंचात लिवा."

मास्टर डोक्याला हात लावायचे. "या अल्ला, ये बाजा है के मुर्दा? पोस्टमार्टम कर रए तुमे लोगां."

त्या काळात वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि वीज नसली की असली गिटार मुकी. तार छेडली तर कानाशी डास गुणगुणल्याएवढाच आवाज. पण भाऊसाहेबांनी त्यावर तोड काढली होती. गिटार उभी धरायची, तिच्या लाकडावर हनुवटी टेकायची आणि तार छेडायची. सूर हाडातून डोक्यात चढतो. मला त्यांनी एकदा तसं करायला लावलं. लाकडाला हनुवटी लावून मी डोळे मिटले, आणि डोक्यात एवढा मोठा, एवढा गोड आवाज भरला की मी दचकून डोळे उघडले. खोली मात्र शांतच होती. भाऊसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका आनंदी मी पुन्हा कधी पाहिला नाही.

हा नाद कशानं लागला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, तरुणपणी नांदेडला एका ऑर्केस्ट्राच्या वायरी ओढायला जायचो. तो ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा वाद्यं कुणीकुणी नेली. एक बिलोलीच्या बँडवाल्याकडे गेली, एक कुणाच्या तरी न्हाणीघरात सापडली, धुणं वाळत घालायच्या तारेसाठी तिच्या तारा काढलेल्या. "वाजविणाऱ्याचं नाव लोक ध्यानात ठेवतात. लाकडाचं कोण ठेवतं?" एवढंच बोलून ते पुन्हा खुर्च्यांच्या रजिस्टरात शिरले.

त्यानंतर पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. आमच्याकडे दुष्काळ हा शब्द कुणी सारखासारखा उच्चारत नाही. टँकर कोणत्या दिवशी येणार एवढंच विचारतात. भाऊसाहेबांच्या गल्लीत दर घरामागे घागरी ठरलेल्या होत्या. वर पत्रा तापलेला, हवा कोरडी ठाक. लाकडाला अशा हवेत ओल मिळाली नाही तर ते आक्रसतं, मान वाकते, पोकळ गिटारीचं पोट तर तडकतंच. म्हणून भाऊसाहेब रोज दोन पंचे ओले करून गिटारींच्या मागं टांगायचे आणि खाली एक परात भरून ठेवायचे. हे पाणी ते स्वतःच्या वाट्यातून काढत. आंघोळ चौथ्या दिवशी. ऑफिसात आम्ही त्यांच्या शर्टाच्या कॉलरवरून ते ओळखायचो.

गल्लीला ते कळायला वेळ लागला नाही. मी तिथंच होतो त्या दिवशी. शेजारची बाई रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. आत येऊन तिनं ती भरलेली परात पाहिली, ओले पंचे पाहिले.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "माझं लेकरू कालपासून तापानं फणफणून राहिलंय. कपाळावर ठेवायला ओली चिंधी न्हाई घरात. आन तुम्ही लाकडांना पाणी पाजून राहिलात?"

 भाऊसाहेबांनी परात उचलली, तिच्या घागरीत रिकामी केली. दोन्ही पंचे उतरवून तेही तिला दिले. ती गेल्यावर ते उंबऱ्यावर बसले.

"खरं बोलली ती," ते म्हणाले. "ह्यांना इथं ठिवणं पाप हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना विचारलं. आमच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम म्हणजे दोन हात जाडीच्या दगडी भिंती; बाहेर आग ओतत असली तरी आत गार. तिथं पाण्याशिवायही लाकूड टिकलं असतं. साहेब उमदे होते, हसले आणि म्हणाले, "ठेवा की, कोण खातंय तुमच्या गिटारी!" तोंडी परवानगी. भाऊसाहेबांना ती लेखी हवी होती, पण साहेब म्हणाले, लिहू पुढं. दोन रिक्षांतून सात गिटारी आल्या आणि रेकॉर्ड रूमच्या मागच्या कपाटात गेल्या. आणि महिन्याभरात साहेबांची बदली झाली.

नवे साहेब कडक. आल्याआल्या त्यांनी डेड स्टॉकची पडताळणी लावली. रजिस्टर एका हातात, आणि प्रत्येक वस्तूला स्वतः हात लावून बघायचं. भाऊसाहेब आणि मी मागं. रेकॉर्ड रूममधलं मागचं कपाट उघडलं आणि साहेब थांबले. सात गिटारी. सातही जणींच्या पाठीवर आमच्या ऑफिससारखाच पांढरा नंबर.

"हे काय आहे?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार ते मला माहीत होतं. म्हणणार होते, साहेब, माझ्या आहेत. सरकारी जागेत खाजगी सामान, त्यावर सरकारी धर्तीचे नंबर, लेखी परवानगी नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीची खुमखुमीही आली. त्यांच्या आधी मीच बोललो.

"साहेब, जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाटणीत आलेलं सामान आहे. कर्मचाऱ्यांच्या सांस्कृतिक कार्यक्रमाचं."

"मग रजिस्टरला का नाही?"

"चढवायचं राहिलं, साहेब."

साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, घाबरले. मी सुटलो, तेही सुटले, असं मला वाटलं.

"आजच चढवा," साहेब म्हणाले आणि पुढच्या कपाटाकडे गेले.

त्या दुपारी भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं, त्या सुरेख अक्षरात, स्वतःच्या सात गिटारी सरकारजमा केल्या. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन हळूच म्हणालो, "चार दिवस जाऊ द्या, एकेक करून घरी नेऊ. कोण बघतंय?"

"चढलं ते चढलं, मुखेडवाले," ते म्हणाले. मला ते याच नावानं हाक मारायचे. "सरकारी वस्तू अशी उचलून नेत न्हाईत."

मी मनात म्हटलं, आठ दिवसांत निवळेल. निवळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी त्या गिटारींना हौसेनं म्हणून हात लावला नाही. सरकारी वस्तू वैयक्तिक वापराला घेता येत नाही, असा नियम आहे. आणि लाकडाला हनुवटी लावणं हा वैयक्तिक वापर होता. भांडारपाल म्हणून महिन्यातून एकदा ते कपाट उघडायचे, कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचे, कुलूप लावायचे. रविवारी मास्टरांच्या दुकानातही जाईनासे झाले. अप्पा एकदा ऑफिसात येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय करून ठेवलात हो हे? यादी वाचायला माणूस येईना झाला." मी म्हटलं, मी तर त्यांना वाचवलं. अप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

पुढच्या वर्षी माझी नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन मी पहिला त्यांच्याच घरी गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला, मला जवळ बसवलं, माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. मग त्यांनी गावाकडच्या पावसाचं विचारलं.

निवृत्तीच्या वेळी भांडाराचं टेबल माझ्याकडे आलं. चार्ज देताना त्यांनी एकेक ओळ वाचली, मी एकेक वस्तूला हात लावत गेलो. गिटारींपाशी आल्यावर ते नुसते नंबर वाचत गेले. शेरे वाचले नाहीत. सरकारी रजिस्टरात ते शेरे नव्हतेच. मी सही केली. ते नांदेडला गेले.

मी इतका दगड नव्हतो की हे विसरून जाईन. काही वर्षांनी मी युक्ती काढली. डेड स्टॉकमधली वस्तू निकामी झाली की तिचं निर्लेखन होतं, म्हणजे रजिस्टरातून तिचं नाव काढून ती भंगारात देतात. मास्टरांनी भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. कपाटातून निघालेल्या गिटारी थेट भाऊसाहेबांच्या दारात जाणार होत्या. फक्त एका जाणकार माणसानं वस्तू निकामी असल्याचं लिहून द्यायला हवं होतं. जाणकार म्हणून मी भाऊसाहेबांचंच नाव लावलं. पत्रात काय लिहायचं तेही मी त्यांना आधी कळवलं. एक शब्द. ‘निरुपयोगी.’

एसटीनं आले. खूप वाळले होते. मी कपाट उघडलं. त्यांनी एकेक गिटार बाहेर काढली, टेबलावर आडवी ठेवली, डोळ्याशी धरून मान सरळ आहे का ते पाहिलं, पिवळीच्या पोटावरून बोटं फिरवत तडा शोधला. तारा गंजून लालभडक झाल्या होत्या. सगळं पाहायला त्यांनी दोन तास घेतले. मग खिशातलं पेन काढलं आणि कागदावर लिहिलं. मी वाचलं.

‘सात नग. तारा बदलणे आवश्यक. लाकूड उत्तम. सर्व नग सुस्थितीत, वापरण्यायोग्य.’

"भाऊसाहेब!" मी जवळजवळ ओरडलोच. "एक शब्द लिहायचा होता. एकच! मग ह्या तुमच्या झाल्या असत्या!"

"मुखेडवाले," ते म्हणाले, "तीस वर्षांत एका खुर्चीवर खोटा शेरा मारला न्हाई मी. आता ह्यांच्यावर मारू?" त्यांनी पिवळीवर हात ठेवला. "ह्यांच्यावर?"

त्यांनी सातही गिटारी स्वतः आत ठेवल्या. पिवळीला सगळ्यात शेवटी. कपाटाचं दार त्यांनीच लोटलं आणि कुलूप लावायला माझ्याकडे वळले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. बसस्टँडपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ही आमची शेवटची भेट होती, आणि ती मी रुसण्यात घालवली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला मी नांदेडला गेलो. जेवणं उरकल्यावर माणसं पांगली, वहिनी ओसरीवर येऊन बसल्या. मी मनातलं बोललो. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी कागदावर एक शब्द लिहिला असता तर गिटारी घरी असत्या. भाऊसाहेबांचा हट्ट."



"त्या दिवशीचं सोडा भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही साहेबाला खोटं सांगितलं, त्या दिवशी घरी आले आन जेवले न्हाईत. म्हनले, पोरगं माझ्यापायी खोटं बोललं. मी तिथंच खरं बोललो असतो तर साहेबानं त्याला ठिवलं नसतं, नोकरी कच्ची हाय. मी म्हनलं, आपल्या वस्तू गेल्या की हो! तर म्हनले, जात न्हाईत कुठं, कुलपात हायेत. पोरगं पक्कं झालं की सोताच साहेबाला सांगल. मंग आनू."



"तुम्ही पेढे घिऊन आलात ना," वहिनी म्हणाल्या, "त्या रातीला मला म्हनले, आता उद्या सांगल बघ. मंग म्हनले, पुढल्या आठवड्यात सांगल. मंग म्हनायचे बंद झाले."

इतकी वर्षं मी समजत होतो की ते घाबरून गप्प बसले. मी त्यांना वाचवलं असं मी कितीजणांना सांगितलं असेल. आणि ते माझी वाट बघत होते. नोकरी पक्की झाल्यावर साहेबांच्या खोलीत जाऊन मला फक्त एवढं म्हणायचं होतं की साहेब, मी खोटं बोललो, त्या वस्तू भाऊसाहेबांच्या आहेत. फार तर एक मेमो मिळाला असता. ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "मी उद्याच जातो. आत्ताच्या साहेबांना सगळं लिहून देतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता कुनासाठी, भाऊजी?"

त्यांनी हे रागानं विचारलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.